अळणी डबा आणि बसमधली झोप

आमच्या घरातून मीठ गेलं त्या संध्याकाळी मी भांडी जरा जोरातच आपटली. डॉक्टरांनी यांचं ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि गोळी सुरू करू म्हणाले. हे म्हणाले, गोळी नको. का नको, असं डॉक्टरांनी विचारल्यावर हे खिडकीबाहेर बघत बसले. नवऱ्याला बोलता आलं नाही की बोलायचं काम बायकोवर येतं, तसं मीच सांगितलं. चाकणला एका नव्या कंपनीत जुनी, अनुभवी माणसं घेणार होते, कंत्राटावर का होईना. ठेकेदाराच्या माणसाने आधीच बजावलं होतं की मेडिकलमध्ये बीपी वर दिसलं किंवा गोळी चालू आहे असं कळलं, तर नाव तिथल्या तिथे कटणार. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, असली अट घालणाऱ्याला दोन शब्द सुनावले आणि मेडिकल होईपर्यंत आहारावर आणि विश्रांतीवर भागवायला नाखुशीने कबूल झाले. मीठ कमी, तिखट कमी, चहा बंद, झोप पुरेशी आणि मन शांत. ते शेवटचं त्यांनी आम्ही दाराशी गेल्यावर सांगितलं, भाजीवर वरून कोथिंबीर टाकावी तसं.

म्हणजे मेडिकल व्हायच्या आत यांचं अंग शांत करायचं होतं आणि ते काम माझ्या स्वयंपाकघराने करायचं होतं. यांच्या वयाच्या माणसाला चाकणमध्ये पुन्हा कुणी दारात उभं करेल अशी आशा आम्हाला नव्हती. जे काय होतं ते हे एकच.

यांची जुनी कंपनी चाकणच्या अलीकडे, आळंदी फाटा ओलांडला की हायवेला लागूनच होती. लग्न होऊन लातूरकडून आम्ही मोशीत आलो ते त्या कंपनीच्या भरवशावर. तेव्हा घरामागे ज्वारी असायची, आता घरामागेही घरंच आहेत. इतकी वर्षं यांनी लाईनवरची एकच जागा धरली होती. डाव्या हाताने पार्ट उचलायचा, उजव्याने साच्यात बसवायचा, मग दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची. मग मालकाने लाईन उचलून दुसऱ्या राज्यात नेली. माणसं काही लाईनला बोल्टने जोडलेली नव्हती, ती इथेच राहिली.

कंपनीत दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. फर्स्टच्या आठवड्यात हे पहाटे डबा घेऊन निघायचे, सेकंडला दुपारी जेवून, आणि थर्डला सगळी बिल्डिंग जेवायला बसली की हे बूट चढवायचे. आमचं घर त्या तालावर चालायचं. भाकरी कधी टाकायची, कुकर कधी लावायचा नाही, पाहुण्यांना कधी बोलवायचं, सगळं शिफ्ट बघून. कंपनी बंद झाली तेव्हा मला वाटलं, चला, निदान आता चार माणसांसारखं जेवू आणि झोपू. पण यांच्या अंगातली शिफ्ट काही बंद झाली नाही. एक आठवडा हे पहाटेच अंघोळ करून खुर्चीवर बसून राहत. पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण झालं की दारापर्यंत जात आणि परत येत. तिसऱ्या आठवड्याचं तर विचारूच नका. आधी मी चेष्टा केली, म्हटलं घरी ओव्हरटाइम मिळतो का बघा. मग चेष्टा थांबवली, कारण आपण असं करतोय हे यांना कळतच नव्हतं.

झोप म्हणून नव्हती. जरा टेकायचं की उठायचं, दारापासून बाल्कनीपर्यंत जायचं, कठड्याला हात लावायचा आणि परत. हातात काही नाही, तोंडात काही नाही. मला भीती वाटायची, खरंच सांगते. चिडलेला माणूस कळतो, रडणारा कळतो, पण नुसत्या येरझारा घालणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमची मुलगी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने मोबाईलवरून आहार शोधून काढला. सकाळी भिजवलेले बदाम, मग नाचणीची आंबील, दुपारी दुधी आणि अळणी वरण, संध्याकाळी केळं, झोपताना दूध. आणि वर, पप्पा, स्ट्रेस घेऊ नका. जसा काही मी तो ताटात वाढत होते आणि हे मागून मागून घेत होते. ती स्वतः लॅपटॉपसमोर बिस्किटं खाऊन दिवस काढते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं. पोरीला जे येत होतं ते तिने केलं होतं.

आम्ही लातूरकडची माणसं. शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा आणि कडक भाकरी नसली तर पोट भरतं, पण जेवलो असं वाटत नाही. त्यात मी कंपन्यांत कामाला जाणाऱ्या एकट्या माणसांना डबे देते. पहाटे चारला माझी कणीक मळायला सुरुवात होते. डब्यांच्या भाज्यांची फोडणी घरभर दरवळायची आणि यांच्या ताटात पांढरा दुधी. पहिल्या दिवशी यांनी एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ताट संपवलं. ताट सरकवून दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एके काळी भाजीत मीठ कमी पडलं तर शेजाऱ्यांना कळेल एवढा आवाज व्हायचा. आता चहा सोडला, डोकं ठणकलं, तरी एकदा मागितला नाही. यांचं असं मुकाट ऐकणं मला यांच्या बीपीपेक्षा जास्त घाबरवायचं. मी मात्र तेव्हा त्यालाच यश मानून घेतलं आणि मुलीला फोनवर सांगितलं की पप्पा सगळं नीट पाळतायत.

खालच्या मजल्यावर भाभी राहतात. त्यांच्या मिस्टरांचं हायवेला गॅरेज आहे. भाभी सोलापूरच्या, मराठी चांगलं बोलतात, मध्येच हिंदी घुसते. दुधात वाटून घालायला त्यांनी खसखस आणून दिली, जायफळ उगाळून चिमूटभरच घाला, जास्त नको, असं दोनदा बजावलं. त्यांच्या मिस्टरांनी यांना गॅरेजवर येऊन बसायला सांगितलं. हे गेले. हातात पाना होता तोवर बरे होते म्हणे. गिऱ्हाईक गेलं, पाना खाली ठेवला आणि हे गॅरेजपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंत चालायला लागले. मला हे सांगताना भाभींचे डोळे भरून आले. मला रडायला सवड नव्हती, कणीक भिजवून ठेवली होती.

संध्याकाळी मी काशाची वाटी काढायची. आईने मला लग्नात दिलेली. तळपायाला तूप लावून वाटीने घासत राहायचं. घासता घासता तळवा काळा होतो, अंगातली उष्णता निघाली म्हणतात. उष्णता निघते की वाटीचं कासं निघतं, देव जाणे, पण माझ्या माहेरी बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यावर झोपी जायचे. यांचे तळवे सेफ्टी बुटांत राहून राठ झालेले, वाटी फिरली की खरखर ऐकू यायची. मी घासत असायची आणि यांची बोटं आत वळलेली ती वळलेलीच. मनगट भरून आलं की मी विचारायची, बरं वाटतंय का? हे म्हणायचे, वाटायलंय की. ते माझ्या मनगटाकडे बघून म्हणायचे, हे मला कळायचं.

मग सोसायटीच्या हॉलमधला वर्ग. एक हसतमुख बाई तिथे शवासन आणि श्वासाचे प्रकार शिकवायच्या. मी यांना घेऊन गेले आणि शेजारच्या चटईवर मीही आडवी झाले. बाई म्हणाल्या, बोटं सैल सोडा, घोटे सैल सोडा, गुडघे सैल सोडा. सगळा हॉल सैल पडला, कोपऱ्यात कुणीतरी घोरायलाही लागलं. पाठ टेकताच मला गुंगी आली होती, पण मी डोळे ताणून उघडे ठेवले. यांच्यावर लक्ष ठेवायला नको का कुणीतरी? यांचे डोळे मिटलेले होते आणि हात चालू होते. डावा हात चटईवरून काहीतरी उचलायचा, उजवा ते पुढे नेऊन बसवायचा, मग दोन्ही अंगठे खाली दाबले जायचे. पुन्हा डावा. बाई वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, काकांना कंपवात आहे का, एकदा दाखवून घ्या.

"कंपवात नाही," मी म्हटलं. "ते कामावर आहेत."

बाईंना वाटलं मी टोमणा मारला. पुढच्या वेळेपासून आम्ही गेलो नाही. हे नको म्हणाले नव्हते, मीच नेलं नाही. ते हात पुन्हा बघायची माझी हिंमत नव्हती.

औषध सापडलं ते भलतीकडेच. डब्यांची भाजी मी अधूनमधून चाकणच्या बाजारातून आणते, तिथे कांदा-बटाटा ताजा मिळतो. एकदा पिशव्या उचलायला यांना सोबत घेतलं. मोशीला सिटी बसमध्ये चढलो, बसायला जागा मिळाली आणि इंद्रायणीचा पूल यायच्या आत हे झोपले. पेंगले नाहीत, झोपले. तोंड उघडं, मान माझ्या खांद्यावर. बाजूने ट्रक हॉर्न वाजवत होते, खड्ड्यांत बस आदळत होती, आणि यांना पत्ता नव्हता. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कंपनीच्या बसमध्ये सगळी माणसं अशीच झोपतात. जाताना झोपतात, येताना झोपतात, बसायच्या आधी झोपतात. यांची अर्ध्या आयुष्याची झोप बसमध्येच झालेली. आम्ही मऊ गादी आणि बंद पडदे देत होतो, आणि यांच्या हाडांना पाहिजे होते हायवेचे धक्के.

त्यानंतर आमच्या घरात भाजी फार लागायला लागली. मुलगी म्हणाली, आई, मोबाईलवर मागव, घरपोच येते. मी तिला झिडकारलं. मेथी संपली की चाकण, मिरच्या संपल्या की चाकण. यांना खिडकीशी बसवायचं, आपण बाहेरच्या बाजूला बसायचं आणि खांदा ताठ ठेवायचा. पेंग मलाही यायची, पहाटे चारची उठलेली असायची मी. पण मी हलले की यांची मान घसरणार, म्हणून मी बाहेरचे बोर्ड वाचत बसायची. प्लॉट विकणे आहे, कामगार पाहिजेत, मेस चालू आहे. सगळे पाठ झाले.

एकच गोष्ट व्हायची. आळंदी फाटा मागे पडला की जुन्या कंपनीचा थांबा यायच्या आधी यांचे डोळे आपोआप उघडायचे. हात छातीच्या खिशाकडे जायचा, आय-कार्ड चाचपायला. मग शेजारी मी दिसायची, पायात चपला दिसायच्या आणि डोळे पुन्हा मिटायचे. मला त्याचं कौतुकच वाटायचं. भाभींना सांगितलंसुद्धा, गजराशिवाय जाग येते म्हणून.

यांचा चेहरा बदलला. डोळ्यांखालचं काळं उतरलं, येरझारा कमी झाल्या, एकदा तर वरणाला आज चव आहे म्हणाले, जी नव्हतीच. मेडिकलच्या थोडं आधी डॉक्टरांकडे गेलो तर बीपी खाली आलेलं. डॉक्टर खूश. काय केलंत, म्हणाले. बसचं सांगायला लाज वाटली, मी म्हटलं, दुधी. तेव्हा हे हसले. कंपनी बंद झाल्यापासून मी यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात नव्या कंपनीच्या शिफ्टचे डबे भरत होते.

मेडिकलच्या दिवशी सकाळी मी यांचे सेफ्टी बूट पुसून दारात ठेवले, ठेकेदाराने बूट घालून यायला सांगितलं होतं. जुन्या पिशवीत अळणी डबा भरला. इस्त्रीचा शर्ट. दारातून निघताना हे अगदी पहिल्यासारखे दिसत होते. बस तुडुंब भरलेली. मला पुढे बायकांच्या जागेवर सरकून बसायला मिळालं, यांना पार मागे खिडकीची जागा मिळाली. पूल ओलांडल्यावर मी मान वळवून मागे बघितलं. यांची मान खिडकीला टेकलेली होती. मला बरं वाटलं. झोपू देत, म्हटलं, झोपून उठल्यावर बीपी खालीच असणार.

आळंदी फाटा गेला. पुढच्या थांब्यावर बस थांबली, माणसं उतरली, बस सुटली. आणि खिडकीतून मला हे दिसले. खांद्याला पिशवी, पायात बूट, ताडताड चालत निघालेले, पंचिंगला उशीर झालेल्या माणसाची घाई चेहऱ्यावर. मेडिकलसाठी आम्हाला जायचं होतं चाकण ओलांडून तळेगाव रोडला. आज शेजारी मी नव्हते आणि पायात चपला नव्हत्या. मी ओरडले. कंडक्टर म्हणाला, ताई, हायवे आहे, पुढे थांबवतो. पुढे म्हणजे बरंच पुढे थांबली.

मी उलट्या दिशेने धावत आले. जुन्या गेटवर आता कुठल्या तरी गोदामाचा बोर्ड आहे. हे गेटसमोर उभे होते, डब्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. नवा वॉचमन हिंदीत विचारत होता, कुणाला भेटायचंय. तो काही वाईट बोलत नव्हता. यांच्या शेजारून दुसऱ्या कंपनीची माणसं आपापल्या गेटकडे जात होती, आणि हे मध्येच अडकल्यासारखे. मला बघून म्हणाले,

"मी इथं कशाला उतरलो गं?"

चला, उशीर होतोय, एवढंच मी म्हटलं आणि यांचा दंड धरला. कधी नव्हे ते भर रस्त्यात मी यांना धरून चालवलं, आणि यांनी हात सोडवून घेतला नाही.

रिक्षाने मेडिकलला पोचलो. तिथली डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची होती, बोलायला गोड. पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि यांच्याकडे बघितलं. काका, घाबरू नका, म्हणाली, दहा मिनिटं शांत बसा, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, काहीतरी चांगलं आठवा. यांनी डोळे मिटले. मी समोरच्या बाकावर होते. थोड्या वेळाने मांडीवरचा डावा हात हळूच उचलला गेला. मग उजवा. मग दोन्ही अंगठे मांडीत रुतले. चांगलं आठवा म्हटल्यावर यांना तेच आठवलं.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वर आला. त्या मुलीने नियम समजावून सांगितला आणि आजच्या आज डॉक्टरांकडे जाऊन गोळी सुरू करा, हसण्यावारी नेऊ नका, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस यांना म्हणाला, राव, पुढच्या वेळी बघू. तोवर त्याचं लक्ष रांगेतल्या पुढच्या माणसाकडे गेलं होतं.

थांब्याजवळ चहाची टपरी होती. यांचे ओठ सुकलेले. मी म्हटलं, घ्या आता चहा, आता कशाला पाळायचं? हे म्हणाले, नको, डॉक्टरांनी सांगितलंय. मग पिशवीतून डबा काढला आणि तिथेच दगडावर बसून दुधी-पोळी खाल्ली, एक घासही न टाकता. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला तो डबा हायवेवर भिरकावून द्यावासा वाटत होता.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. मी यांना खिडकीशी बसवलं, शेजारी बसले, खांदा ताठ केला. चाकण मागे पडलं. जुनं गेट आलं आणि गेलं, हे त्या बाजूला बघत नव्हते, समोरच्या सीटची दांडी बघत होते. कुरुळी गेली. यांचे डोळे टक्क उघडे. मी मनात म्हणत होते, आता लागेल, पुलापर्यंत लागेल.

पूल मला दिसलाच नाही. जाग आली तेव्हा बस भोसरीत शेवटच्या थांब्यावर उभी होती आणि सगळी माणसं उतरून गेली होती. माझं डोकं यांच्या खांद्यावर होतं, माझ्या लाळेने यांचा इस्त्रीचा शर्ट ओला झाला होता. आणि यांचा खांदा ताठ होता.

"अहो, मोशी गेलं की मागे. उठवलं का नाही?"

"झोप लागली होती तुला," हे म्हणाले. "कधीची झोपली नव्हतीस. कशाला उठवू?"

यांनी मोजलं होतं म्हणजे. येरझारा घालता घालता, ताट मुकाट संपवता संपवता, हे माझं जागरण बघत होते, आणि मला वाटत होतं की बघणारी मी एकटीच आहे. मला तिथे, रिकाम्या बसमध्ये, रडू आलं. कंडक्टरने दोनदा सांगितलं तेव्हा आम्ही उतरलो.

रस्ता ओलांडून आम्ही मोशीकडे जाणारी बस पकडली. मी पुन्हा यांना खिडकीशी बसवलं, पुन्हा खांदा ताठ केला आणि वाट बघितली. मोशी आलं तेव्हा यांचे डोळे उघडेच होते.